तबकडीचं घर

वाशीम, कारंजा, रिसोडकडच्या जुन्या घरांत एलपी सापडते तेव्हा तबकडी बहुधा धडधाकट असते, खिळखिळं झालेलं असतं तिचं पुठ्ठ्याचं कव्हर. सुधीर फडक्यांच्या ‘गीत रामायण’सारख्या संचाचं असं झालेलं पाहिलं की जीव हळहळतो.

कव्हरवर उमटलेलं पांढुरकं वर्तुळ नीट पाहा. तबकडीची कड किंचित जाड असते. एलपी आडव्या रचल्या की वरचं सगळं वजन त्या कडेवर येतं आणि तेवढ्याच रेषेत छपाईची शाई झिजते. म्हणून एलपी उभ्या ठेवाव्यात, पण कलत्या नकोत. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की कललेली तबकडी वाकते.

पावसाळ्यात पुठ्ठा ओल शोषून फुगतो, बुरशी धरतो, आणि खळीच्या लोभाने कसर लागते. तेव्हा कपाट ओलीच्या भिंतीपासून हातभर लांब हवं. कव्हरवरून पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घालावी. पीव्हीसीची मऊ पिशवी मात्र नकोच, तिच्यातली रसायनं पाझरून कव्हरला चिकटतात. उसवलेल्या कडेला सेलोटेपही लावू नये. त्याचा डिंक पुठ्ठ्यात मुरतो आणि तो पिवळा डाग निघत नाही.