साखर काढली, जागा कोणी घेतली?

(लेखांक १४)

गूळ आज नाही. कोल्हापूरकरांनी रागावू नये. गुळाला सबंध लेख द्यायचा आहे आणि मध्येच एक पत्र आडवं आलं.

गेल्या आठवड्यातल्या फडणीसांच्या, म्हणजे सुक्रॅलोज ही कृत्रिम गोडी सापडल्याच्या, गोष्टीवर तशी पुष्कळ पत्रं आली. लंडनच्या प्रयोगशाळेत ऐकण्यात घोळ होऊन पूड जिभेवर ठेवणारा माणूस आपला फडणीस निघाला, याचाच बहुतेकांना आनंद. सांगलीच्या एका बाईंना मात्र आनंदाबिनंदात रस नव्हता. त्यांनी साध्या बिस्किटांचा आणि 'शुगर फ्री' बिस्किटांचा पुडा शेजारी शेजारी ठेवला, चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली आणि मला विचारलं : सुक्रॅलोज साखरेच्या सहाशेपट गोड, म्हणजे ते चिमूटभरही लागत नाही, मग दोन्ही पुड्यांवरच्या कॅलरी जवळपास सारख्याच कशा? कोणी फसवतंय का? आणि खाली ताजा कलम : 'आमच्या ह्यांना डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून घरात डाएट चिवडाच येतो. काटा जागचा हललेला नाही.'

पुड्याची मागची बाजू वाचा, असं मी या लेखमालेत पहिल्यापासून सांगतोय. सांगणं ऐकून कोणी खरोखर वाचलं की त्या माणसाला उत्तर देणं भाग असतं. शिवाय बिस्किटं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. नोकरीची बरीच वर्षं भट्टीच्या शेजारच्या प्रयोगशाळेत गेली.

तर फसवत कोणी नाही. डाएट पदार्थ खाऊन वजन उतरतं का, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो : जे काढलं, त्याच्या जागी काय आलं?

कोलाचं उदाहरण सोपं आहे. ३३० मिलिलिटरच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १४० कॅलरी. तेवढाच गोडवा सुक्रॅलोजनं आणायला ६० मिलिग्रॅमच्या आसपास पुरे. उरलेल्या जवळजवळ ३५ ग्रॅमची जागा कोण घेतं? पाणी. स्वस्त आणि शून्य कॅलरीचं. पेयात नाहीतरी नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यात थोडी भर पडली तर कोणाला कळतही नाही. म्हणून डाएट कोला खरोखर शून्यावर येतो.

बिस्किटात पाणी घालून जागा भरता येत नाही. साध्या गोड बिस्किटात वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त साखर असते आणि ती नुसती गोडव्यासाठी बसलेली नसते. भट्टीत ती वितळते म्हणून बिस्किट पसरतं. मैद्यातलं ग्लुटेन ती ताणू देत नाही, म्हणून ते खुसखुशीत होतं. गार झाल्यावर कटकन मोडतं ते तिच्यामुळे, कडा तांबूस होतात त्याही बऱ्याच अंशी तिच्यामुळेच. आम्ही साखर काढून, बाकी काही न बदलता घाणे काढून पाहिलेत. जी वस्तू बाहेर येते ती जाड, पांढुरकी आणि दातांशी भांडणारी. तिला बिस्किट म्हणायला मन धजत नाही.

मग जागा भरायची कशानं? मैदा वाढवा, माल्टोडेक्स्ट्रिन घाला, थोडी दुधाची पावडर घाला. आता हिशेब बघा. साखरेच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी. मैद्यातल्या स्टार्चच्या एका ग्रॅमलाही ४. माल्टोडेक्स्ट्रिन हाही स्टार्चचाच तुकडा, त्याच्याही ४. लोणी किंवा वनस्पती तूप जिथल्या तिथे, ग्रॅमला ९. साखर गेली, गोडवा सुक्रॅलोजनं सांभाळला, पण कॅलरींचं घर भरलेलंच राहिलं. माल्टिटॉलसारखी साखरेच्या जवळची भावंडं वापरली तर ग्रॅममागे कॅलरी निम्म्यावर येतात खऱ्या, पण ती जास्त पोटात गेली की पोट ढिलं होतं. अशा पुड्यांवर रेचक परिणामाची सूचना छापलेली असते ती त्यासाठी. सांगलीच्या बाईंनी तीही वाचली असणार.

'शुगर फ्री' हे शब्द साखरेबद्दल बोलतात, वजनाबद्दल बोलत नाहीत. आपल्याकडचा नियम असा, की १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त नसेल तर तसं छापता येतं. 'लो कॅलरी' असा दावा करायचा तर मात्र घन पदार्थात १०० ग्रॅमला ४० कॅलरींच्या वर जाऊन चालत नाही. चाळीस! बिस्किट ४५० च्या आसपास असतं. ४० च्या आत राहणारे पदार्थ म्हणजे काकडी, दुधी, पालक, टोमॅटो. या सगळ्यांत पाणीच पाणी. कोरड्या पदार्थाला तिथे पोचायला वाटच नाही, कारण पाणी काढून टाकल्यावर जे उरतं ते ग्रॅमला ४ नाहीतर ९. थोडा कोंडा असला तर तेवढाच काय तो उतार.

मिठाईच्या दुकानातला शुगर फ्री पेढा हा तर याच्याही पुढचा. पेढ्यातली साखर काढली की जागा भरायला हाताशी असतो खवा. साखर १०० ग्रॅमला ४०० च्या आत, म्हशीच्या दुधाचा खवा ४०० च्या वर. म्हणजे साखर काढून त्याच वजनाचा पेढा वळला तर तो वजनाच्या दृष्टीनं किंचित जडच झाला. मधुमेह्याच्या रक्तातल्या साखरेचा विचार वेगळा, तो आपण पाचव्या लेखात केला. कंबरेला मात्र त्या पेढ्यानं काही सवलत दिलेली नाही.

आता चिवडा. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी उरलेला चिवडा खाणं हा माझाही जुना छंद.

घरचं प्रमाण घेऊ. पातळ पोहे १०० ग्रॅम, ३५० कॅलरी. शेंगदाणे २५ ग्रॅम, १४०. डाळवं १५ ग्रॅम, ५५. फोडणीला तेल सढळ हातानं २५ ग्रॅम, २२५. कढीपत्ता, मिरची, हळद, मीठ हिशेबात धरत नाही. एकूण ७७० कॅलरी, १६५ ग्रॅम चिवडा. १०० ग्रॅमला सुमारे ४६५. आता 'डाएट' करू. पोहे कढईत कोरडेच परतले, फोडणीला तेल फक्त १० ग्रॅम. एकूण ६३५ कॅलरी, १५० ग्रॅम. १०० ग्रॅमला ४२३. फरक पडला. ४० ग्रॅमची वाटी घेतली तर वाटीमागे १७ कॅलरी वाचल्या. डब्यात परत एकदा हात घातला, चार दाणे आणि चिमूटभर पोहे तोंडात टाकले, की त्या १७ संपल्या. तळलेल्या जाड पोह्यांच्या किंवा बटाट्याच्या सळ्यांच्या चिवड्याशी तुलना केली तर फरक मोठा दिसेल. पण ज्या घरात आधीपासून पातळ पोह्यांचाच चिवडा होतो, तिथे डाएट चिवड्यानं फारसं काही हलत नाही.

आणि हात परत डब्यात जातोच. 'डाएट' लिहिलंय ना, मग काय हरकत? पेनसिल्वेनिया स्टेट विद्यापीठात शाइड आणि रोल्स यांनी केलेला एक प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. बायकांना दुपारच्या जेवणाआधी दही दिलं. कोणाच्या दह्यावर 'लो फॅट' असं लेबल, कोणाच्या दह्यावर 'हाय फॅट'. पोटात गेलेल्या कॅलरी सारख्या असल्या तरी 'लो फॅट' वाचून दही खाल्लेल्या बायका पुढच्या जेवणात जास्त जेवल्या. काही केलं तरी हा प्रयोग माझ्या मनातून जात नाही. कारखान्यात आम्ही काढलेल्या साखरेची जागा मैद्यानं भरायचो. उरलेली जागा खाणारा माणूस ताटात भरून घेतो.

अमेरिकेत हे एकदा राष्ट्रीय पातळीवर होऊन गेलंय. सगळा दोष चरबीचा, असं वातावरण असताना १९९२ मध्ये नॅबिस्कोनं 'स्नॅकवेल्स' नावाची बिस्किटं काढली. चॉकलेटचा लेप दिलेली त्यातली कुकी चरबीमुक्त, एकेक सुमारे ५० कॅलरींची. दुकानांतल्या फळ्या रिकाम्या होऊ लागल्या. माल पुरवता येत नाही हीच गंमत कंपनीनं जाहिरातीत वापरली : बायका घोळक्यानं कुकीवाल्याच्या मागे लागल्यात, असं दृश्य. चरबीची जागा साखरेनं घेतली होती. एका कुकीवर थांबणारा माणूस फायद्यात होता, पण चरबी नाही म्हणताना कोण थांबतो? पुढे आहारतज्ज्ञ या वागण्यालाच त्या बिस्किटांचं नाव देऊ लागले.

मग डाएट पदार्थांचा काहीच उपयोग नाही असं म्हणायचं का? तसं मी म्हणणार नाही. ज्यांना सगळाच प्रकार थोतांड वाटतो त्यांच्याशीही माझं पटत नाही. हॉलंडमधला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे पाच ते बारा वर्षांची ६४१ मुलं, दीड वर्ष, रोज शाळेत २५० मिलिलिटरचा एकच डबा. निम्म्या मुलांना साखरेचं पेय, निम्म्यांना बिनसाखरेचं. दिसायला, चवीला सारखंच. कोणतं कोण पितंय हे ना मुलांना माहीत, ना मास्तरांना. वाढत्या वयाची मुलं, वजन सगळ्यांचंच वाढणार. पण साखरवाल्यांचं सरासरी ७.३७ किलो वाढलं, दुसऱ्यांचं ६.३५. एका डब्यानं एक किलोचा फरक! डब्यावर 'डाएट' असं काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून मुलांनी स्वतःला जास्तीची मोकळीक दिली नाही. आणि साखरेच्या जागी नुसतं पाणी होतं.

२०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र सांगितलं, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशी कृत्रिम गोडी वापरू नये. मधुमेह असलेल्यांना हा सल्ला लागू नाही, हे त्यांनी तिथेच नोंदवलंय. थोड्या काळाच्या प्रयोगांत वजन किलोभराच्या आतच उतरलं होतं. वर्षानुवर्षं माणसांवर नजर ठेवणाऱ्या पाहण्यांत तोही फायदा दिसला नाही, उलट डाएट पेयं पिणारे जास्त जाड दिसले. या शेवटच्या गोष्टीवर मी फार भार टाकत नाही, कारण वजन वाढायला लागल्यावरच माणूस डाएट पेयाकडे वळतो. मधला मार्ग काढून सांगायचं तर : रोज दोन बाटल्या कोला पिणाऱ्यानं डाएट कोला घेतला तर त्याला फायदा आहे. जो मुळात ताक पितो त्यानं डाएट कोला सुरू केला तर त्यानं काढलं काय?

ताकावरून दूध आठवलं. टोन्ड दुधाची गोष्ट बरेच दिवस सांगायची राहिली आहे.

आज मुंबई-पुण्यात वजनाची काळजी असणारे टोन्ड दूध घेतात. पण ते दूध कोणाला बारीक करायला निघालंच नव्हतं. मुंबईचे दुग्ध आयुक्त दारा नसरवानजी खुरोडी यांची ती कल्पना, १९४६ च्या सुमाराची. शहराला दूध पुरत नव्हतं आणि परवडतही नव्हतं. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी घातली की दूध वाढतं, प्रथिनं टिकतात, स्निग्धांश तीन टक्क्यांवर येतो, भाव उतरतो. आरे कॉलनीच्या मागे हेच खुरोडी. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांनाही मिळाला, पण नाव आज फारसं कोणाच्या ओठावर नाही. कुपोषण हटवायला केलेलं दूध पुढे पोटाचा घेर हटवायला विकलं जाऊ लागलं, याची मला भारी गंमत वाटते.

आणि हा डाएट पदार्थ चालतो. कारण इथेही स्निग्धांशाच्या जागी मुख्यतः पाणीच आलं. टोन्ड दुधाला १०० मिलिलिटरमागे ६० च्या आसपास कॅलरी, फुल क्रीमला ८५ ते ९०. घरात माणशी अर्धा लिटर जात असेल तर दिवसाला माणशी १२५ ते १५० चा फरक, आणि चहाच्या कपाला कोणी 'डाएट' म्हणत नसल्यानं दुसरा कप उगाच घेतलाही जात नाही.

फक्त एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. पुष्कळ घरांत फुल क्रीमच आणतात, तापवतात, गार करून साय काढतात आणि 'आम्ही साय काढूनच पितो' असं डॉक्टरांना सांगतात. ती साय विरजण लागून, घुसळून, लोणी होऊन रविवारी कढते आणि त्याच माणसाच्या वरणभातावर तूप म्हणून पडते. कढवण्यात पाणी उडतं, बेरी उरते, स्निग्धांश कुठे जात नाही. तुमच्याकडे साय कुठे जाते ते मला लिहून कळवा. आठवड्याला किती तूप निघतं आणि ते किती जणांत संपतं, हेही. आकडे पुरेसे जमले तर तुपावरचा लेख मी गुळाच्याही आधी घेईन.