मुळावरची गुलाबी गाठ

पोळ्याच्या सुमारास औसा किंवा लोहा भागातल्या सोयाबीनच्या रानात जा आणि एक झाड मुळासकट अलगद उकरा. उपटू नका, नाहीतर गाठी मातीतच राहतील. काळी माती झटकली की मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. एक नखाने फोडा. आत चक्क गुलाबी-लाल! हे लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन, पण पिकाला त्याचा उपयोग शून्य. त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. युरियासाठी लागणारा अमोनिया बनवताना कारखान्यात ही जोडी फोडायला ४०० ते ५०० अंश सेल्सिअस उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. गाठीतले रायझोबियम जिवाणू तेच काम रानातल्या ओलीत, विनाधूर उरकतात. अडचण एकच: त्यांचं नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजन लागला की निकामी होतं, आणि जिवाणूंना श्वासाला तर ऑक्सिजन हवाच. म्हणून तो लाल पदार्थ ऑक्सिजन धरून ठेवतो आणि बेताबेताने पुरवतो. मजुरी म्हणून झाड साखर देतं. रानात पाणी तुंबलं की मात्र गाठींचाही जीव गुदमरतो.

१८८८ मध्ये बायरिंक या डच शास्त्रज्ञाने हे जिवाणू गाठीतून वेगळे काढून वाढवले. तुरीचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने रानात मागे ठेवलेला कस, ज्वारीला मानवतो, हे आपल्या शेतकऱ्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

सोयाबीनच्या बेवडाचं कौतुक मात्र जरा जास्तच होतं, असं माझं मत. त्याच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं, म्हणजे कमावलेला बराचसा नायट्रोजन पोत्यांत भरून लातूरच्या आडतीवर जातो. वर भुसकटही पेटवलं, तर जमिनीच्या पदरात काय पडणार? तूर त्या मानाने दिलदार. तिचा पाला महिनोन्महिने रानातच गळतो, खोल गेलेली मुळं तिथेच कुजतात, आणि पुढच्या पिकाला ते लागू पडतं.

पेरतानाच युरियाचा मारा केला तर झाड गाठी कमीच धरतं. आयतं मिळत असताना ते जिवाणूंना कशाला पोसेल? शिवाय पिकांच्या गटागटाचा जिवाणू वेगळा, सोयाबीनच्या जिवाणू संवर्धनाचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही. तेव्हा यंदा हरभरा पेरताना हरभऱ्याचंच संवर्धन मागून घ्या, बुरशीनाशक आधी आणि जिवाणू शेवटी चोळा, बियाणं सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.