गुडघ्यातला नको असलेला पूल

मुलांची हाडे लांब कशी होतात, असे वर्गात विचारून पाहा. फुगा फुगावा तसे हाड सगळीकडून सारखे वाढते, असे उत्तर हमखास येते. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने हे तपासून पाहिले. त्याच्या १७२७ सालच्या पुस्तकात हा प्रयोग दिलेला आहे. वाढत्या कोंबडीच्या पायाच्या हाडाला त्याने अर्ध्या इंचाच्या अंतराने दोन भोके पाडली. दोन महिन्यांनी हाड इंचभर वाढले होते, पण भोकांमधले अंतर होते तेवढेच राहिले. म्हणजे वाढ हाडाच्या मधल्या भागात होत नव्हती, ती टोकांकडे होत होती.

माणसातही तसेच आहे. हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. तिच्यात नव्या पेशी तयार होतात आणि मागच्या बाजूने त्यांचे हाड बनत जाते. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के लांबी गुडघ्याकडच्या चकतीतून येते, वर्षाला साधारण ९ ते १० मिलिमीटर. वाढ संपली की चकतीचेच हाड होते.

तोपर्यंत ही चकती हाच दुबळा भाग असतो. सांधा बांधून ठेवणारे अस्थिबंध तिच्यापेक्षा बळकट असतात. त्यामुळे ज्या आघाताने मोठ्या माणसाचा अस्थिबंध तुटतो, त्याच आघाताने मुलाची चकती फाटू शकते. मैदानावर आपण ‘पाय मुरगळला’ म्हणून शेक द्यायला सांगतो. पण गुडघ्याच्या जरा वर सूज आली असेल आणि मूल पाय टेकत नसेल, तर ते मुरगळणे समजू नये.

मांडीच्या हाडाची ही चकती सपाट नसते, तिला उंचवटे आणि खोलगे असतात. हाड सरकले की हे उंचवटे खरवडले जातात. म्हणून येथील अस्थिभंग विरळा असला, तरी त्यातल्या जवळपास निम्म्या मुलांच्या वाढीत पुढे काही ना काही बिघाड होतो. कूर्चा फाटलेल्या जागी वरच्या आणि खालच्या हाडातल्या पेशी एकमेकींना भेटतात आणि हाडाचा पूल बांधतात. गंमत अशी, की मोडलेले हाड सांधणारी हीच क्रिया इथे नडते. पूल कडेला असेल तर ती बाजू अडकते, दुसरी वाढत राहते आणि पाय वाकडा होतो. पूल मधोमध असेल तर पाय मुख्यतः आखूड राहतो.

हे दिसायला महिने लागतात, म्हणून प्लॅस्टर निघाल्यावरही क्ष-किरण तपासणी चालू ठेवावी लागते. दुखापतीच्या काळात वाढ मंदावल्याची एक पांढरी रेघ हाडात उमटते. ती चकतीला समांतर राहून दूर जात असेल तर चिंता नाही. एका बाजूने ती चकतीकडे झुकली, तर पूल तिथेच आहे.

हा पूल काढण्याची शस्त्रक्रिया फिनलंडचे शल्यविशारद आंडर्स लांगेन्स्कियोल्ड यांनी १९६७ साली मांडली. आज आधी सीटी स्कॅन किंवा एमआरआयने पुलाचा नकाशा काढतात. मग बारीक फिरत्या यंत्राने तेवढेच हाड कोरून काढतात. सर्व बाजूंना निरोगी कूर्चा दिसेपर्यंत हे चालते. आतले दिसावे म्हणून काही वेळा दंतवैद्याचा छोटा आरसाही वापरतात. खरी युक्ती पुढची आहे. पोकळी मोकळी ठेवली तर पूल पुन्हा बांधला जाईल, म्हणून तिच्यात रुग्णाच्याच शरीरातली चरबी भरतात. चरबीतून हाड पलीकडे जात नाही.

प्रत्येक मुलाला हा उपाय चालत नाही. पूल चकतीच्या निम्म्याहून कमी भागात असावा आणि वाढीची निदान दोन वर्षे शिल्लक असावीत, असा साधारण संकेत आहे. उशीर झाला तर हाड कापून सरळ करणे, नाही तर चांगल्या पायाची वाढ वेळीच थांबवणे, असे उपाय उरतात. लवकर केलेली शस्त्रक्रियाही दर वेळी यशस्वी होत नाही.

यश मोजण्यासाठी शल्यविशारद चकतीच्या दोन्ही बाजूंच्या हाडांत धातूच्या दोन बारीक खुणा ठेवतात. पुढच्या क्ष-किरण चित्रांत त्यांच्यामधले अंतर वाढत गेले, तर चकती पुन्हा कामाला लागली. हेल्सची भोके चकतीच्या एकाच बाजूला होती, म्हणून त्यांच्यातले अंतर बदलले नव्हते.