एका वर्षाचा न मिटलेला वाद

दिवाळीत व्यापारी वह्या बदलतो, मार्चअखेर कचेऱ्या आपले हिशेब बंद करतात, आणि डिसेंबर सरत आला की पाश्चात्त्य संगीताचे रसिक मावळत्या वर्षातील ध्वनिमुद्रिकांचा जमाखर्च मांडावयास बसतात. कोणती ध्वनिमुद्रिका पहिली, कोणती दुसरी, आणि कोणती यादीतच नको, ह्यावर त्यांच्यात कडाक्याचे वाद होतात. ह्या रसिकांत ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ नावाच्या संगीतप्रकाराचे चाहते विशेष वादप्रिय आहेत. सरत्या वर्षाचा निकाल लावून त्यांचे समाधान होत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे निकालही ते पुनःपुन्हा उघडून पाहतात. असे वारंवार उघडले जाणारे एक वर्ष म्हणजे १९७३. हा वाद एवढा दीर्घकाळ का टिकला, आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम ह्या संगीताविषयी थोडे. रॉक संगीत हे मूळचे नृत्याचे आणि तारुण्याचे संगीत. ठसठशीत ठेका, सोपी चाल आणि दोन-तीन मिनिटांत संपणारे गीत, असा त्याचा घाट होता. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील काही तरुण वादकांना ही चौकट अपुरी वाटू लागली. त्यांच्यापैकी कोणी प्रार्थनामंदिरातील वृंदगानावर वाढलेले, कोणी युरोपातील अभिजात संगीताची तालीम घेतलेले, तर कोणी जॅझच्या नादी लागलेले होते. ह्या सर्व संस्कारांना रॉकच्या विजेच्या गिटारीबरोबर एका पंक्तीस बसविण्याचा त्यांनी प्रयत्न केला. ऑक्टोबर १९६९ मध्ये ‘किंग क्रिमसन’ ह्या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. ह्या प्रकाराचा प्रारंभ बहुधा तेथपासून मोजला जातो.

ह्या संगीताला अनुकूल असे साधन तत्पूर्वीच सिद्ध झाले होते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा अधिक काही मावत नसे. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या थोर गवयालाही आपला राग तेवढ्या अवधीत आटोपावा लागे. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित वर फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आणली, आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत सलग ऐकणे शक्य झाले. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या वादकांनी ह्या वीस मिनिटांकडे एक अखंड अवकाश म्हणून पाहिले. त्यामुळे त्यांच्या लेखी संपूर्ण तबकडी हीच एक कृती ठरली. चाहते सुट्या गीतांविषयी न भांडता तबकड्यांविषयी भांडतात, त्याचे मूळ येथे आहे.

आता १९७३ हे वर्ष. मार्च महिन्यात ‘पिंक फ्लॉइड’ची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ प्रसिद्ध झाली. काळ, पैसा, वेड आणि मृत्यू हे तिचे विषय. हृदयाच्या ठोक्यांनी ती सुरू होते आणि त्यांतच विरते. तिच्यातील ‘मनी’ हे गीत सात मात्रांच्या आवर्तनावर चालते. आपल्या रूपक तालाच्याही मात्रा सातच. वजन व विभागणी मात्र निराळी. त्याच महिन्यात किंग क्रिमसनची ‘लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक’ आली. तिच्यात व्हायोलिनच्या जोडीला धातूचे पत्रे आणि साखळ्या ह्यांचाही नाद होता. मे महिन्यात माइक ओल्डफील्ड ह्या नुकत्याच विशीत पदार्पण केलेल्या तरुणाची ‘ट्युब्युलर बेल्स’ निघाली. तिच्यातील बहुतेक वाद्ये त्याने एकट्याने वाजविली होती. बीबीसीवरील निवेदक जॉन पील ह्यांनी ती आपल्या कार्यक्रमात ऐकविली आणि तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. पुढे ‘जेनेसिस’ची ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’, नोव्हेंबरात ‘इमर्सन, लेक अँड पामर’ ह्या त्रयीची ‘ब्रेन सॅलड सर्जरी’, आणि डिसेंबरात ‘येस’ ह्या वृंदाची ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ ही दोन तबकड्यांची जोडी. एवढे पीक एका वर्षात आल्यावर वाटणीचा तंटा व्हावयाचाच.

तंट्यातील पक्ष पाहिले की त्यांचे खरे मतभेद ध्यानी येतात. पिंक फ्लॉइडच्या बाजूचे लोक एकसंधतेला महत्त्व देतात. पहिल्या ठोक्यापासून अखेरच्या ठोक्यापर्यंत एकही जागा फुकट गेलेली नाही, आणि जी गोष्ट सांगितली ती कोणत्याही माणसाला भिडावी अशी आहे, असे त्यांचे म्हणणे. ह्या ध्वनिमुद्रिकेच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या, आणि अमेरिकेतील खपाच्या यादीत ती सातशेहून अधिक आठवडे राहिली, हेही ते सांगतात. विरुद्ध पक्ष उत्तर देतो की, खप हा गुणाचा पुरावा नव्हे. शिवाय जिच्यात वाद्यवादनाचे धाडस थोडे आणि चाली सुगम, तिला ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणावयाचे तरी कशासाठी? म्हणजे तंटा पहिल्या क्रमांकाचा असला तरी प्रश्न व्याख्येचा उभा राहतो.

जेनेसिसचे चाहते सुरावटीचे भक्त असतात. ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ ह्या रचनेत बासरीवर ऐकू आलेली सुरावट पुढे स्टीव्ह हॅकेटच्या गिटारीवर सावकाश विस्तार पावते. ह्या विस्तारासाठी उरलेले सर्व दोष माफ करावयास ते तयार असतात. किंग क्रिमसनच्या अनुयायांना असा गोडवा संशयास्पद वाटतो. प्रगती म्हणजे काल नव्हते ते आज ऐकू येणे, ही त्यांची कसोटी. कानाला खुपले तरी चालेल, पण नवे हवे. इमर्सनच्या पक्षाला वादकाचे हस्तकौशल्य सर्वांत प्रिय. त्या त्रयीची ‘कार्न एव्हिल ९’ ही रचना सुमारे तीस मिनिटांची. ती एका बाजूवर मावली नाही, म्हणून मध्येच तोडून तबकडी उलटण्याची वेळ श्रोत्यावर येते. समर्थकांना ह्यात भव्यता दिसते, टीकाकारांना अतिरेक.

एकसंधता, माधुर्य, नावीन्य आणि कौशल्य ह्या चार कसोट्या अशा परस्परांसमोर उभ्या ठाकतात. आपल्याकडील ख्यालगायनाच्या मैफलीनंतर घराण्याघराण्यांतील जाणते ज्या प्रश्नांवर रात्र जागवीत, त्यांच्याहून हे प्रश्न फारसे वेगळे नाहीत. कोणी स्वराच्या लगावाला मान डोलावी, कोणी तानेच्या पल्ल्याला, कोणी लयीच्या हिशेबाला. जो तो आपल्या कसोटीला संगीताचे सार मानतो, म्हणून तडजोड होत नाही.

ह्या वादाचे सर्वांत तीव्र रूप ‘येस’च्या ध्वनिमुद्रिकेविषयी दिसून आले, आणि तिचा वृत्तान्त भारतीय श्रोत्याला विशेष जवळचा वाटेल. किंग क्रिमसनमध्ये जेमी म्यूर नावाचा एक तालवादक होता. १९७३ च्या मार्चमध्ये एका सहवादकाच्या विवाहसमारंभात त्याने ‘येस’चा गायक जॉन अँडरसन ह्याला परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र वाचावयास सुचविले. म्यूर स्वतः लवकरच वृंद सोडून स्कॉटलंडमधील बौद्ध मठात गेला. इकडे अँडरसनने जपानच्या दौऱ्यावर असताना ते पुस्तक वाचले. त्यातील एका तळटीपेत श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र ह्या शास्त्रांच्या चतुर्विध विभागाचा उल्लेख होता. त्या तळटिपेवरून त्याने चार रचनांची कल्पना केली: एका बाजूस एक, प्रत्येक सुमारे वीस मिनिटांची. अशा रीतीने आपल्याकडे विद्यार्थी परिभाषा म्हणून पाठ करतात ते चार शब्द ऐंशी मिनिटांच्या रॉक संगीताचा आराखडा झाले.

तबकड्या दुकानांत येण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९७३ मध्ये, वृंदाने ब्रिटनच्या दौऱ्यात ह्या चारही रचना सादर केल्या. श्रोत्यांनी त्या पूर्वी ऐकलेल्या नव्हत्या. ऐंशी मिनिटांचे अनोळखी संगीत एका बैठकीत पचविणे त्यांना जड गेले. खुद्द वृंदातही एकमत नव्हते. वाद्यपेट्यांचा वादक रिक वेकमन ह्याच्या मते एका तबकडीपेक्षा अधिक परंतु दोन तबकड्यांपेक्षा कमी एवढाच ऐवज हाती होता, आणि उरलेली जागा पाण्याने भरली गेली. मँचेस्टरच्या कार्यक्रमात आपण रंगमंचावरच, वाद्यांच्या आडोशाला, विंदालू, पुलाव आणि पापड असे जेवण घेतले, हा किस्सा त्याने पुढे अनेकदा सांगितला. शास्त्रांच्या चिंतनातून निघालेल्या संगीताच्या मध्यभागी मूळच्या गोव्याच्या विंदालूचा दरवळ सुटावा, हा योग विलक्षणच. १९७४ साली वेकमनने वृंद सोडला.

ही ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत प्रथम स्थानी पोहोचली, परंतु अनेक समीक्षकांनी तिला अवडंबराचा नमुना ठरविले. १९७६-७७ च्या सुमारास पंक रॉकची लाट आली, तेव्हा साऱ्या प्रोग्रेसिव्ह रॉकवर आरोप ठेवताना हिचाच दाखला देण्यात येई. तरीही तिचे चाहते खचले नाहीत. अशी रचना पहिल्या ऐकण्यात उलगडत नाही, तिला दहा-वीस वेळा कान द्यावा लागतो, असे ते म्हणत राहिले. २०१६ साली स्टीव्हन विल्सन ह्या संगीतकाराने मूळ ध्वनिफितींवरून तिचे नवे मिश्रण सिद्ध केले. पूर्वी दाटीत हरवलेली वाद्ये सुटी ऐकू येऊ लागली, आणि जुन्या खटल्याची फेरसुनावणी सुरू झाली. तिच्या बाबतीत वर्षाचाही घोळ आहेच. ब्रिटनमध्ये ती डिसेंबर १९७३ मध्ये निघाली आणि अमेरिकेत जानेवारी १९७४ मध्ये. तेव्हा तिची गणना कोणत्या वर्षात करावयाची, हा पोटवाद अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर चालतो.

वार्षिक यादीची मर्यादा ह्या उदाहरणात स्पष्ट दिसते. यादी करणारा मनुष्य कानाला प्रथम जे जिंकते त्यास झुकते माप देतो. आणि हा संगीतप्रकार तर सावकाश समजणाऱ्या गोष्टींचाच अभिमान बाळगतो. शिवाय यादी करणाऱ्याने काय ऐकले नाही, हेही पाहावयास हवे. १९७३ साली इंग्लंडमधील सामान्य चाहत्याला इटलीतील ‘ले ओर्मे’ ह्या वृंदाची ‘फेलोना ए सोरोना’ किंवा ‘बांको’ची त्या वर्षीची ध्वनिमुद्रिका सहजी मिळण्याजोगी नव्हती. फ्रान्समधील ‘माग्मा’ ह्या वृंदाचा तालवादक क्रिस्तियाँ व्हांदेर ह्याने तर गीतांसाठी स्वतःची एक भाषाच निर्माण केली होती. ह्या कृती पुढे संग्राहकांमुळे देशोदेशी पोहोचल्या, आणि १९७३ च्या यादीत त्यांना जागा करून द्यावी लागली. वर्ष संपले तरी त्याची यादी वाढतच राहिली.

मग हा खटाटोप करावयाचाच कशासाठी? ह्याचे उत्तर पुढील काळाने दिले. पंकच्या लाटेनंतर वृत्तपत्रे आणि मोठ्या कंपन्या ह्यांनी ह्या संगीताकडे पाठ फिरविली, तेव्हा त्याचा सांभाळ चाहत्यांनीच केला. एकाने दुसऱ्याला तबकडी द्यावी, पत्राने यादी पाठवावी, यादीवर भांडावे, आणि भांडता भांडता न ऐकलेले एक नाव टिपून घ्यावे, असा हा व्यवहार होता. ‘मॅरिलियन’ ह्या इंग्रज वृंदाने नव्या ध्वनिमुद्रिकेसाठी चाहत्यांकडेच आगाऊ मागणी नोंदविण्याचे आवाहन केले. बारा हजारांहून अधिक लोकांनी न ऐकलेल्या संगीताचे पैसे आधी भरले, आणि २००१ साली ती ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. २००९ पासून ‘प्रॉग’ नावाचे ह्या संगीतालाच वाहिलेले मासिक ब्रिटनमध्ये निघू लागले, आणि वर्षअखेरीस वाचकांचा कौल घेण्याची प्रथा त्यानेही चालू केली. ज्या वृंदाचे नाव नभोवाणीवर क्वचितच येते, त्याला अशा कौलातील दहावे-विसावे स्थानही उपकारक ठरते. त्यामुळे त्याच्या पुढील कार्यक्रमाला शंभर माणसे अधिक येऊ शकतात, आणि लहान वृंदाचे भवितव्य कधी कधी त्या शंभर माणसांवरच अवलंबून असते.

१९७३ ची सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका कोणती, हे ठरलेले नाही आणि ठरण्याचा संभवही दिसत नाही. परंतु त्या वर्षी विशीत असलेला रसिक आज सत्तरी ओलांडून गेला आहे. तो आपली बाजू मांडतो तेव्हा समोर बसलेला त्याचा नातू त्यास विरोध करण्यासाठी का होईना, ती तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. संगीत एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाण्याचा हाही एक मार्ग आहे, आणि तो मोकळा राहावा एवढ्यासाठी हा वाद न मिटलेलाच बरा.