मांजर कुणी पुसलं?

माझ्या ऑफिसच्या डेस्कवर पाच वर्षं एक बाग चिकटवलेली आहे. पोस्टकार्डाएवढी. व्हॅन गॉगची ‘दोबिनीची बाग’. हिरवं-गुलाबी गवत, मधोमध गुलाबांचा वाफा, मागे निळसर कौलांचं घर. डेडलाइन अंगावर आली की तिच्याकडे बघायचं, हा आपला फंडा. ‘काय फ्रेश आहे ना!’ यापुढे समीक्षा कधी गेली नाही.

दिवाळीत बोरीला गेलो. (जिंतूर तालुका, परभणी जिल्हा. ‘बोरिवली का?’ असं विचारू नका, प्लीज!) आजी परसात शेवंतीला पाणी घालत होती. तिला मोबाइलवर चित्र दाखवलं. बराच वेळ पाहून म्हणाली, “मागं ही बाई एकलीच उभी हाय. मालक कुठंय तिचा?”

पाच वर्षांत मला ती बाई दिसलीच नव्हती.

मग शोधाशोध केली. ही बाग फ्रान्समधल्या ओव्हेर गावातली. मालक शार्ल-फ्रान्स्वा दोबिनी, निसर्गचित्रकार, व्हॅन गॉगचा आवडता. तो १८७८ मध्येच गेला. व्हॅन गॉग मे १८९० मध्ये गावात आला, तेव्हा दोबिनीची बायको तिथेच राहत होती. चित्रातली ती बाई म्हणजे तीच, असं मानतात. पहिलं छोटं चित्र त्यानं चक्क लाल पट्ट्यांच्या पुसायच्या फडक्यावर काढलं! मग दोन मोठी, मीटरभर रुंद. डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर न थांबता मनातला रंग लावायचा, हे त्या पोस्ट-इम्प्रेशनिस्ट मंडळींचं वेड. म्हणून इथं आकाशही फिकट हिरवं. २३ जुलैला भावाला पत्र लिहून त्यानं सगळं रंगांसकट सांगितलं: बाक, तीन खुर्च्या, पिवळ्या टोपीतली काळी आकृती, पुढे काळं मांजर. चार दिवसांनी स्वतःवर गोळी झाडली. २९ जुलैला गेला. वय ३७.

मोठ्या चित्रांपैकी एक बाझेलला आहे, दुसरं हिरोशिमाच्या म्युझियममध्ये. हे दुसरं आधी बर्लिनमध्ये होतं. १९३७ मध्ये नाझींनी ‘विकृत कला’ म्हणून काढून नेलं. यातलं मांजरही गायब आहे, नंतर कुणीतरी त्यावर रंग फासलाय. माझं पोस्टकार्ड नेमकं याच चित्राचं.

आता खरं सांगतो. आजोबा जाऊन तीन वर्षं झाली. परस मोडून रस्त्याकडेला तीन गाळे काढायचे आणि आजीला पुण्याला आणायचं, असं घरात ठरलंय. हिशेबाची एक्सेल शीट मीच केली. शेवगा, पेरू, हौद असले कॉलम त्यात नव्हते. आजीला विचारायचं राहूनच गेलं.

परवा फोनवर तिला चित्राची गोष्ट सांगितली.

“मांजर कुणी पुसलं म्हणं?”

“नक्की कुणी ते नाही माहीत, आजी.”

“बाई तरी ठेवली, बरं केलं. ठेव आता. नळाला पाणी आलंय, हौद भरायचाय.”