डाळ बेचव का होते?

तुमच्या घरी असे कधी झाले आहे का? ताटे वाढली जातात, पहिला घास घेतला जातो आणि कोणीतरी म्हणते, "आज जेवणाला चव नाही." स्वयंपाक करणारी गप्प बसते. तिने तर हळद, मीठ, मिरची सारे घातलेले असते. मग चव गेली कुठे?

मी आठवीत होतो तेव्हाची गोष्ट. आमचे घर मालेगावचे. अम्मीचा उजवा हात मोडला, त्याला प्लॅस्टर घातले आणि सारा स्वयंपाक आपाकडे आला. आपा तेव्हा दहावीत होती. घरात माणसे सात आणि प्रत्येकाच्या खाण्याच्या तऱ्हा वेगळ्या. अब्बांना झणझणीत हवे. दादाजानांना रक्तदाबाचा त्रास. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेले. त्यामुळे त्यांना सगळेच अळणी, म्हणजे बिनमिठाचे लागे. धाकट्या भावाला तर भाजीत कांदा दिसलेलाही चालत नसे.

चौथ्या दिवशी अब्बा अर्धी रोटी खाऊन उठले आणि हॉटेलातून सालन घेऊन आले. ते आपाला काहीच बोलले नाहीत. पण ती त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने डाळीत दुप्पट मिरची आणि दुप्पट गरम मसाला घातला. सर्वांच्या जिभा भाजल्या, डोळ्यांना पाणी आले. डाळ मात्र तशीच बेचव राहिली.

असे का झाले? तिखटपणा ही खरे म्हणजे चवच नाही. आपल्या जिभेला गोड, आंबट, खारट आणि कडू या चवी कळतात. पाचवी चव १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने ओळखली. तिला 'उमामी' म्हणतात. पिकलेल्या टोमॅटोत आणि मटणाच्या रश्श्यात ती असते. मिरचीतील कॅप्सेसिन नावाचा पदार्थ मात्र उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो. म्हणूनच आपण "तोंड भाजले" असे म्हणतो! हे नेमके कसे घडते, ते डेव्हिड ज्यूलियस या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवले. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात ज्यूलियस यांचा वाटा होता.

जेवणाची गोडी जिभेपेक्षा नाकाला जास्त कळते. एक प्रयोग करून पाहा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि चार जिरे चावा. फारसे काही कळणार नाही. आता नाक सोडा. जिऱ्याची चव एकदम तोंडभर पसरेल. ती चव नव्हे, वास आहे. सर्दी झाली की जेवण बेचव लागते, ते याचमुळे.

आता आपाच्या डाळीकडे वळू. ती उकळत्या डाळीत वरून मसाल्याची पूड टाकत असे. मसाल्याचा सुगंध ज्या द्रव्यांत असतो, ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत. तेलातुपात चांगली विरघळतात. म्हणून तर बघार देतात. तुम्ही ज्याला बघार म्हणता, त्यालाच मराठीत फोडणी म्हणतात.

अम्मी प्लॅस्टरचा हात गळ्यात बांधून स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बेटी, घाई करू नकोस. आधी तेल तापू दे."

तेल तापले. अम्मीने मोहरीचा एकच दाणा टाकायला सांगितला. तो तडतडला नाही, तेव्हा थांबायला सांगितले. थोड्या वेळाने दुसरा दाणा तडतडला. मग मोहरी, ती फुटल्यावर जिरे, जिऱ्याचा रंग बदलला की ठेचलेला लसूण. लसणाच्या कडा सोनेरी झाल्या की भांडे खाली उतरवायचे आणि शेवटी हळद व लाल तिखट घालायचे. पूड बारीक असते, ती क्षणात करपते आणि कडू होते. मग ही फोडणी डाळीवर ओतून लगेच झाकण ठेवायचे, म्हणजे वास बाहेर जात नाही. त्या दिवशी आपाने मिरची नेहमीपेक्षा कमीच घातली होती. तरी अंगणातून अब्बांनी विचारले, "आज काय केले आहे?"

कांद्याचेही तसेच. आपा तो दोन-चार मिनिटे परतून लगेच पाणी ओतत असे. कांद्यातले पाणी आटल्याशिवाय तो लाल होत नाही, आणि लाल झाल्याशिवाय त्याला खमंगपणा येत नाही. भाजताना अन्नाचा रंग आणि वास ज्या क्रियेमुळे बदलतो, तिचा अभ्यास लुई मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडला. मंद आचेवर कांदा लाल व्हायला वीस-पंचवीस मिनिटेही लागतात. शाळेची वेळ झाली असेल, तर एवढा वेळ आणायचा कोठून, हा आपाचा प्रश्न खरा होता. मग ती रात्रीच कांदा तळून ठेवू लागली.

राहिले दादाजान. त्यांच्या ताटात मीठ वाढवणे शक्यच नव्हते. जागतिक आरोग्य संघटना तर निरोगी मोठ्या माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहूनही कमी मीठ खायला सांगते. अम्मीने आपाला त्यांची डाळ वेगळ्या वाटीत काढायला लावली. त्यात लिंबू पिळले आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड भुरभुरली. आंबटपणामुळे थोडेसे मीठही जिभेला जास्त जाणवते. मात्र लिंबू विस्तवावरून उतरवल्यावरच पिळायचे, नाहीतर त्याचा ताजा वास उडून जातो. चिंचही डाळ शिजल्यावरच घालायची; आधी घातली तर डाळ लवकर शिजत नाही.

दादाजानांनी दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला. "डॉक्टरांचे सांगणे विसरलात का?" ते रागाने म्हणाले. "यात मीठ कोणी घातले?"

आपा हसू लागली. कितीतरी दिवसांनी ती सर्वांबरोबर जेवायला बसली होती. धाकटा भाऊ मात्र तळलेला कांदाही एकेक करून ताटाच्या कडेला काढून ठेवत होता. त्यावर अम्मीकडेही उपाय नव्हता.