गृहस्वयंचलनातील थर्मोस्टॅट : पंख्याची निवड आणि पंख्याची स्थिती

अमेरिकेतील मध्यवर्ती वातानुकूलन असलेल्या घरांत एकाच पंख्याद्वारे सर्व खोल्यांत हवा पोहोचविली जाते. या पंख्यासाठी थर्मोस्टॅटवर सामान्यतः ‘ऑटो’ व ‘ऑन’ हे पर्याय असतात. ‘ऑटो’मध्ये पंखा शीतकरण वा तापन चालू असतानाच फिरतो, ‘ऑन’मध्ये तो अखंड फिरतो.

गृहस्वयंचलन प्रणालीत ही माहिती वाचताना एक मूलभूत भेद ध्यानात घेणे आवश्यक ठरते. ‘ऑटो’ ही वापरकर्त्याची निवड होय. पंखा त्या क्षणी फिरत आहे किंवा नाही, हे तिच्यावरून कळत नाही. म्हणूनच ‘झेड-वेव्ह’ या बिनतारी मानकात निवड व स्थिती यांसाठी दोन स्वतंत्र आज्ञावर्ग आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या ‘होम असिस्टंट’ या मुक्त प्रणालीतही पंख्याची निवड आणि यंत्रणेची चालू क्रिया यांची नोंद वेगवेगळी होते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. शीतकरणाच्या वेळी थंड कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी साचते. कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा फिरत राहिल्यास त्यातील काही पाणी पुन्हा बाष्परूपाने घरात परतते व दमटपणा वाढतो. याउलट, ‘ऑटो’ म्हणजे ‘बंद’ असे गृहीत धरून पंख्याचे तास मोजल्यास ते कमी भरतात आणि फिल्टर बदलण्याची वेळ टळून जाते.

सारांश, पंख्याच्या तासांची गणना नेहमी स्थितीवरून करावी. निवडीचा उपयोग घरातील व्यक्तीने केलेला बदल ओळखण्यापुरता मर्यादित ठेवणे इष्ट होय.